शेजारणीचं पोर

माझ्या उजव्या नाकपुडीला भोक आहे. आता ते जवळजवळ बुजलं आहे, पण सर्दी झाली की तिथं हुळहुळतं. मी तळेगावजवळ एका कारखान्यात बाटल्या तपासण्याच्या खात्यात होतो. नवीन लागलेली पोरं पहिले काही दिवस माझ्या नाकाकडे बघून न बघितल्यासारखं करायची आणि जरा ओळख झाली की विचारायचीच. "आमच्या काळची फॅशन," असं सांगून मी त्यांना कामाला लावायचो.

खरं कारण असं. माझ्या आधी घरात तीन मुलगे जन्मले आणि तिघंही वर्षाच्या आत गेले. आमच्या इंदुरी गावात तेव्हा अशा बाईला लोक एकच उपाय सांगत. पुढचं मूल झालं की त्याला सुपात घालायचं, उकिरड्यावर ठेवायचं आणि मागं न बघता घरी यायचं. शेजारची एखादी लेकुरवाळी बाई, अर्थात आधी ठरवूनच, तिथून जायची. तिला ते मूल 'सापडायचं'. ती ते घरी न्यायची, आणि काही दिवसांनी खऱ्या आईने तिच्या दारात जाऊन पायलीभर भात देऊन ते विकत आणायचं. मूल विकतचं, म्हणजे त्या घरचं नाही, म्हणजे तान्ही पोरं नेणाऱ्या सटवीला त्यात रस नाही, असा सगळा हिशेब. वरून आणखी बंदोबस्त म्हणून मुलाच्या नाकात मुलीसारखी वाळी घालायची आणि नाव असं ठेवायचं की ऐकणाऱ्याने तोंड फिरवावं. माझंही नाव तसलंच आहे. ते इथं सांगत नाही, नाक पुरे.

या बंदोबस्ताचं शेवटचं कलम मोठं अवघड होतं. मुलाने खऱ्या आईला आई म्हणायचं नाही. त्यामुळे मी शेजारणीला आई म्हणायचो आणि घरात जी होती तिला मावशी. वडिलांना अख्खं गाव भाऊ म्हणायचं, म्हणून मीही भाऊच म्हणायचो. तिथं काही अडलं नाही. पुढं जे लिहितोय त्यातही मी तसंच म्हणणार आहे. साठी उलटल्यावर जीभ नवं वळण घेत नाही.

एरवी ही रीत मूल पाच-सात वर्षांचं झालं की संपते. देवीपुढे नवस फेडतात, वाळी काढतात, गावाला जेवू घालतात, आणि मूल परत आपल्या आईचं होतं. माझीही वाळी काढली. पण मावशी मावशीच राहिली. का, ते मी कधी विचारलं नाही. लहानपणापासून अंगवळणी पडलेल्या गोष्टीचं कारण विचारायचं असतं हे माणसाला फार उशिरा सुचतं.

मावशी माझ्याशी वाईट वागली असं कुणी म्हटलं तर मी भांडेन. तव्यावरची पहिली भाकरी माझ्याच ताटात पडायची. पण वाढण्याआधी ती भाऊंकडे बघून विचारायची, "शेजारणीचं पोर आलंय, वाढू का?" भाऊ म्हणायचे, "वाढ." मग वाढायची. हे रोज, दोन्ही वेळा. मी शाळेत पहिला आलो आणि धावत सांगायला गेलो की म्हणायची, "हितं काय सांगतोस? जा, तुज्या आईला सांग." मी शेजारी जायचो. आई माझ्यावरून मीठ-मोहऱ्या उतरवायची, कानशिलावर बोटं मोडायची, तोंडभर कौतुक करायची. परत आलो की मावशी धुणं नाहीतर भांडी, काहीतरी करत पाठमोरी असायची. तिची पाठ मला जितकी आठवते तितका चेहरा आठवत नाही.

भाऊ लवकर गेले. मग लोणावळ्याच्या मामाने, म्हणजे मावशीच्या भावाने, मला शिकायला नेलं. तिथं पावसाळ्यात चार-चार दिवस समोरचं घर दिसायचं नाही, कपडे वाळायचे नाहीत, आणि मला घराची आठवण यायची. मावशी महिन्या-दोन महिन्यांनी तळेगावहून गाडी धरून यायची. पिशवीत माझ्यासाठी घावन नाहीतर भाजलेले शेंगदाणे असायचे. पिशवी मामीकडे द्यायची आणि मी समोर बसलेलो असताना मामाला विचारायची, "शेजारणीचं पोर बरं हाय न्हवं?" मामा म्हणायचा, "बरंय, बघ की." ती बघायची नाही. संध्याकाळच्या गाडीने परत जायची. मला वाटायचं, ही आपल्याला न्यायला का येत नाही. आणि हेही वाटायचं, की न्यायला आलीच तर ती मला कोण म्हणून नेईल.

माझ्या लग्नात वरमाय म्हणून शेजारची आई मिरवली. व्याह्यांनी तिचे पाय धुतले, तिला पैठणी दिली. मावशी मांडवामागे भाताच्या डेगीपाशी होती. दुसऱ्या दिवशी बायकोने विचारलं, "त्या भाताजवळच्या बाई कोण? आपण देवाला निघालो तेव्हा पदरात तोंड घालून रडत होत्या." मी तिला उकिरड्यापासून सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ते ठीक आहे, पण मग सासू कोण?"  आता हे विचारायला ती राहिली नाही. आम्हाला मूल झालं नाही आणि काही वर्षांपूर्वी बायको गेली. शेजारची आई त्याच्या आधीच गेली होती.

मग मी मावशीला वराळ्याच्या माझ्या फ्लॅटमध्ये घेऊन आलो. आमच्या सोसायटीभोवती अजून निम्मी शेतं आणि निम्म्या इमारती आहेत. मावशी गॅलरीत बसून कोणती इमारत कधी वर जाते ते बघायची. कुणी शेजारपाजारचं आलं की स्वतःच सांगून टाकायची, "मी ह्याच्या गावची. शेजारी ऱ्हातो आमी." बायका माझ्याकडे आदराने बघायच्या, गावच्या म्हातारीला सांभाळणारा माणूस म्हणून. फुकटचा मोठेपणा. मला त्याची लाज वाटायची, पण दुरुस्त केलं तर मावशी दिवसभर जेवायची नाही.

शेवटी दवाखान्यात ठेवावं लागलं. नर्सने विचारलं, "पेशंट तुमच्या कोण?" मी म्हटलं, "आई." मावशीने तोंडावरचा मास्क स्वतः बाजूला केला आणि असेल नसेल तेवढ्या दमाने म्हणाली, "न्हाई गं बाई. त्यो शेजारचा हाय. त्येचा काय संबंद न्हाई हितं." नर्सने माझ्याकडे संशयाने पाहिलं आणि आधार कार्ड मागितलं. त्यानंतर मावशी फार बोलली नाही आणि त्याच आठवड्यात गेली.

इथवर सगळं मला ठाऊकच होतं. दुखत होतं, पण ठाऊक होतं. गाठ बसली ती दहाव्याला. इंद्रायणीच्या घाटावर सगळं आटोपलं, मी ओल्या अंगाने पायरीवर बसलो होतो. भाऊंची एक चुलत बहीण, फार म्हातारी, माझ्या पाठीवर हात फिरवत म्हणाली, "विकतच्या पोरानं पाणी सोडलं, सोनं झालं तिचं. पोटचं एक न्हाई वाचलं बिचारीचं."

मी म्हटलं, "आत्या, एक वाचलं की. मी."

तिने पाठीवरचा हात काढला. मग म्हणाली, "त्या आटवड्यात दोन्ही घरांत पोरगं झाल्तं बाबा. दोन्ही एका पाळण्यात हुती. त्यातलं एक गेलं. कुटलं गेलं, ते त्या दोघींनाच म्हाईत." आणि कुणीतरी हाक मारली म्हणून उठून गेली.

एक मूल गेल्याचं मलाही माहीत होतं. शेजारच्या आईला माझ्या आधी काही दिवस मुलगा झाला होता आणि तो आठवडाभरातच गेला, म्हणून तर तिच्या दुधावर मी वाढलो, ही गोष्ट घरात सांगितली जायची. पण ती दुसऱ्या बाजूनेही सांगता येते हे माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं. मावशीचं चौथंही गेलं असेल. शेजारणीने आपलं पोर तिच्या ओटीत घातलं असेल. मग उकिरडा, सूप, पायलीभर भात, हे सगळं नाटक नव्हतंच. ती खरीच खरेदी होती.

त्या दिवसानंतर मला दुसरं काही सुचेना. रिकाम्या घरात एकटा माणूस राहतो तेव्हा एखादा विचार भाडेकरूसारखा येतो आणि मालक होऊन बसतो. उगाच सोज्वळपणा न करता मला काय हवं होतं ते सांगतो. आत्याचं म्हणणं खरं निघावं असं मला वाटत होतं. दोन कारणांनी. एक तर मावशीच्या पाठमोऱ्या वागण्याचा अर्थ लागला असता. मी शेजारणीचाच, तर ती शेजारणीचं पोर म्हणाली त्यात चुकलं काय? आणि दुसरं, शेजारच्या आईची लेक जिवंत आहे. माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. तिला मी आक्का म्हणतो. तिला गावातच दिली, त्यामुळे ती इंदुरीतच आहे. ती माझी सख्खी बहीण निघाली असती, तर या जगात माझं म्हणावं असं एक माणूस उरलं असतं.

मार्ग दाखवला तो लोणावळ्याच्या मामाच्या नातीने. ती परदेशात असते. मावशीच्या निधनाचं कळल्यावर तिने व्हिडिओ कॉल केला आणि बोलता बोलता म्हणाली, "काका, मी मजा म्हणून डीएनए टेस्ट केली होती. नळीत थुंकायचं आणि पाठवायचं. ज्यांनी ज्यांनी पाठवलंय त्यांच्यात तुमचं रक्ताचं कुणी असेल तर नावं येतात. इथल्या मैत्रिणींना शेकड्याने नातेवाईक मिळाले. माझ्या यादीत आपलं एकही माणूस नाही. तुम्ही करा ना!"

तिला वाटलं म्हातारा हो हो म्हणून विसरून जाईल. मी म्हटलं, "दोन नळ्या पाठव."

मला आयुष्यभर तपासणीवर भरवसा. बाटली उजेडासमोर धरली की तडा दिसतोच, आणि दिसला नाही तर तो नाही. मामाच्या नातीशी माझं जुळलं तर मी मावशीचा. आक्काशी जुळलं तर मी शेजारच्या आईचा. तिसरी शक्यता नव्हती.

कारखान्यात बाटल्या बोलत नाहीत. आक्का बोलते. मी नळी घेऊन गेलो तेव्हा ती ओट्यावर मिशेरी लावत बसली होती. कशासाठी हवी ते सांगितलं. तिने सगळं ऐकलं, शेजारी थुंकली आणि म्हणाली, "एवढी थुकी चालंल का?" तिची सून दारातून बघत होती. ती पदर सावरत पुढं आली. "मामा, राग मानू नका, पन कुनाला आपली थुकी देऊ ने म्हनत्यात. करणी करत्यात त्याच्यावर." मी म्हटलं, "अमेरिकेत कोण करणी करणार?" ती म्हणाली, "तितं कोन बसल्यात कुनाला म्हाईत?"  आक्काच्या मुलाच्या डोक्यात जमिनीचा नवा वाटेकरी उभा राहिलेला मला स्पष्ट दिसला. आक्काने दोघांनाही आत जायला सांगितलं आणि नळी भरली.

महिन्याभराने निरोप आला की एक नमुना तपासण्याजोगा नाही, पुन्हा पाठवा. आक्काचा. मिशेरीने काळा झालेला. आयुष्यभर मी इतरांचा माल परत पाठवला, आता माझा परत आला. दुसऱ्या वेळी मी पक्की तयारी केली. तोंड धुवायला लावलं, चुळा भरायला लावल्या आणि अर्धा तास तिला काही तोंडात घालू द्यायचं नाही म्हणून समोर बसून राहिलो. मिशेरीशिवाय आक्काला बसवेना. ती चिडली, मग दमली, मग माझ्याकडे बघायला लागली.

"समज निगालं, आपुन सख्खी हाय," ती म्हणाली, "मग काय करशील?"

"काही नाही. भाऊबीजेला येईन."

"आत्ता बी येतोसच की."

मी म्हटलं, "आत्ता शेजारचा म्हणून येतो."

 तिने नळी घेतली आणि या वेळी नीट भरली.

निकाल आला त्या दिवशी मी वडगावला होतो. आमच्यासारख्या पेन्शनवाल्यांना वर्षातून एकदा आपण जिवंत असल्याचं सिद्ध करावं लागतं. हयातीचा दाखला. त्यासाठी सेवा केंद्रात अंगठा द्यायचा असतो आणि माझा अंगठा उमटत नव्हता. काच हाताळून हाताळून माझ्या बोटांच्या रेषा गेल्यात. तिथली पोरगी म्हणाली, "काका, बोट जरा पुसून ठेवा ना." पुसलं, दाबलं, तेल लावलं. शेवटी कसा तरी उमटला. मी जिवंत ठरलो आणि बाहेर येऊन चहा सांगितला. तेवढ्यात फोन वाजला. आधी एक नकाशा होता. तुमचे पूर्वज इथले, म्हणून आपल्याच भागावर रंग फासलेला. ते मला फुकटात माहीत होतं. मग नातेवाईकांची यादी उघडली.

यादीत एकच नाव होतं. मामाच्या नातीचं. शेजारी लिहिलं होतं, जवळचं रक्ताचं नातं. आक्काचं नाव नव्हतं. तिचा निकालही माझ्याच फोनवर येणार होता, तो उघडला. तिच्या यादीत कुणीच नव्हतं. मी फोन बंद करून पुन्हा चालू केला. चहा गार झाला. चहावाल्याने विचारलं, "दुसरा देऊ का, आबा?" मी नको म्हटलं.

माणसाने खरं तर आनंदाने उडी मारायला हवी होती. जी माझी आई असं सगळे म्हणत होते तीच माझी आई निघाली. मला मात्र त्या बाकावर बसून इतकं एकटं वाटलं की बायको गेली त्या दिवशीही वाटलं नव्हतं. बहीण मिळायची ती गेली. आणि मावशीच्या वागण्याला जो एक अर्थ मी शोधून ठेवला होता तोही गेला. मी तिच्या पोटचा होतो, हे तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, आणि तरीही तिने मला जन्मभर दारात उभं केलं. मग उरलं एवढंच, की मी तिला नको होतो. तीन गेल्यावर तिची माया आटली असेल. चौथ्याच्या वाट्याला आली नसेल. त्या चहाच्या टपरीवर हे मला इतकं स्वच्छ दिसलं, की मी जवळजवळ मान डोलावली.

घरी गेलो नाही. स्कूटर तशीच इंदुरीला नेली. आक्का ओट्यावर वाल सोलत होती. मी उभ्याउभ्याच सांगितलं, "निकाल आला. आपण भाऊबहीण नाही."

"कोन म्हनतंय?"

"मशीन म्हणतंय. मी मावशीचाच."

"मग त्यात काय नवं?" ती म्हणाली. "बस खाली. सोलाया लाग."

मी बसलो. वाल हातात घेतले, पण सोलवेनात. आजवर कुणाला सांगितलं नव्हतं ते माझ्या तोंडून निघून गेलं. मी म्हटलं, "आक्का, पोटचा होतो मी तिच्या. लोकांची पोरं पाच-सात वर्षांत परत घेतात. तिने मला परत घेतलंच नाही. मरतानाही माझा संबंध नाही म्हणाली. एकदा तरी आई म्हणू द्यायचं. एकदा."

आक्काचे हात थांबले. "एकदा म्हनला हुतास की तू."

"कधी?"

"तुला आटवत न्हाई? आटवंल कसं, तापात हुतास नंतर."

मग तिने सांगितलं. ते तिच्याच शब्दांत लिहितो, कारण माझ्या शब्दांत ते मला लिहवत नाही.

"गावच्या गढीत देवीपुडं तुजी वाळी काडली तवाची गोस्ट. गाव जेवलं, तुला नवी टोपी घातली. दुसऱ्या दिशी तुजी मावशी घाटावर धुनं धूत हुती, आमी समदी तितंच. तिनं तुला सकाळपासनं शिकवलंतं, आता मला आई म्हनायचं, मावशी न्हाई. तू लाजत हुतास. मग वरच्या पायरीवर हुबा ऱ्हायलास अन् वरडलास, आई! ती कमरंएवड्या पान्यात. तिनं हातातलं लुगडं सोडलं अन् म्हनली, ओ! येवड्या मोट्यांदा म्हनली का पल्याडच्या काठाची मान्सं हसाय लागली. तुला मज्जा वाटली. तू परत वरडलास, तिनं परत ओ दिली. लुगडं गेलं वाहून, तिला त्याचं बी भान न्हाई. माजी आई हसून हसून रडली."

"मग?"

"मग काय. त्याच सांच्याला तुला ताप भरला. लय वंगाळ ताप. तळेगावचा डाक्टर आला अन् हात हलवून गेला. माज्या आईनं तुला उचलला अन् आमच्या घरी आनला, पुन्यांदा उकिरड्यावरनं. मावशी आमच्या उंबऱ्याभाईर बसली. आत आली न्हाई. कपाळ आपटून सांगत हुती, ह्यो माजा न्हाई, म्या चुकून ओ दिली, ह्यो शेजारनीचा हाय. ताप उतरला तवर तितंच बसली हुती ती. मग तिनं माज्या आईला भात दिला अन् तुला परत नेला. अन् शपत घातली, आईला बी अन् मला बी. म्हनली, सटवीला म्या एकदा बोलले, ह्यो माजा न्हाई, अन् तिनं ऐकलं. आता पुन्यांदा न्हाई ऐकायची."

तिने वालाचं टोपलं बाजूला सारलं आणि मिशेरीची डबी काढली.

मी विचारलं, "मला आजवर का सांगितलं नाहीस?"

"शपत हुती म्हनलं न्हवं?"

"मग आता कसं सांगितलंस?"

"आता तू म्हातारा झालास," आक्का म्हणाली. "म्हाताऱ्याला न्हेऊन सटवी काय करंल?"

ती हसली नाही आणि मीही हसलो नाही. तिने बोटावर मिशेरी घेतली आणि विचारलं, "भाऊबीजेला येनार का न्हाई?" मी म्हटलं, "येईन." "शेजारचा म्हनून ये," ती म्हणाली, "मला चालतंय."

उजेड होता अजून. मी स्कूटर तिथंच ठेवून घाटावर गेलो. पाणी कमी होतं. पल्याड एक माणूस म्हशी धूत होता, त्याने वर पाहिलंही नाही. मी वरच्या पायरीवर उभा राहिलो. कोणत्या पायरीवरून ओरडलो होतो ते आठवतंय का ते बघितलं. काहीच आठवेना. ती ओ इतकी मोठी होती म्हणे, पण माझ्या कानात तिचा एक कण शिल्लक नाही. ज्या एका आवाजासाठी मी परक्या देशात थुंकी पाठवली तो मला ऐकू आला होता, आणि नेमका तोच तापात विरून गेला. याचा मला राग आला. मग राग गेला आणि मी तिथंच उभं राहून रडलो. म्हशीवाला तेव्हा मात्र बघत होता.

भाकरी वाढताना ती भाऊंकडे का बघायची, लोणावळ्याला माझ्याकडे का बघायची नाही, मास्क बाजूला करून नर्सला काय सांगत होती आणि खरं तर कुणाला सांगत होती, हे सगळं एकेक करून माझ्याकडे परत येत होतं. ती त्या दवाखान्यातही सटवीला माझा पत्ता चुकीचा सांगत होती.

मी इकडेतिकडे पाहिलं आणि म्हटलं, "आई." फार मोठ्याने नाही. साठीच्या माणसाला जेवढं जमतं तेवढं. मग थोडा वेळ थांबलो.

ओ आली नाही. येणारही नाही. मी अजून जिवंत आहे, तसा आजचाच दाखला माझ्या खिशात होता, आणि मी जिवंत आहे तोवर ती ओ देणार नाही.